बारचा डावा काठ

मालूने चेन दोन्ही हातांत ताणून धरली आणि पोटाकडचे दाते अंगठ्याने एकेक पुढे सारत मोजले. बहात्तर. उलट्या दिशेने पुन्हा मोजले, बहात्तरच. त्यांतल्या अकरा दात्यांना कडेला बारीक कुसळं उठली होती. वरच्या अंगाला लाकूड कापणारे दात छत्तीस; अठरा डावीकडे तोंड केलेले, अठरा उजवीकडे. बाकावरच्या वर्तमानपत्रावर बाकीचं सामान ओळीने मांडलं होतं. चेन ज्याच्या कडेने पळते तो अठरा इंची बार एक. बाजूचं झाकण एक, त्याचे नट दोन. चेन ताणायचा स्क्रू एक. क्लचची वाटी एक, आणि तिच्या पाठीवरचं, चेन फिरवणारं सात दात्यांचं चाक एक. सगळ्यात शेवटी झाडं कापायचा कटर, उघडा पडलेला, पुढच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला. कमी काही नव्हतं, जास्तही काही नव्हतं.

“सगळं हाय ना?” बुधाने विचारलं.

“सगळं हाय.”

“मंग चेन टाकतो का?”

मालूला उत्तर ठाऊक नसलं की ती हातातली वस्तू खाली ठेवून दुसरी उचलायची. तिने बार उचलला.

रोह्याजवळच्या अष्टमी गावात, पुलावरून उतरल्यावर डाव्या हाताला तिचं दुकान. बापाच्या वेळी तिथे सायकली दुरुस्त व्हायच्या. तो गेल्यावर भाऊ कंपनीत लागला, सायकली कमी झाल्या, आणि मालूने हळूहळू पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं आणि झाडं तोडायचे कटर दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. पहिली दोन वर्षं लोक दारात येऊन “कारागीर कुठाय?” असं विचारायचे. आता विचारत नाहीत. भाग का बिघडला हे कळल्याशिवाय तो बदलायचा नाही, असा तिचा एक नेम होता. बुधाच्या कटरसाठी तिने तो दोनदा मोडला होता. पंधरा दिवसांपूर्वी तो पहिल्यांदा आला, तेव्हा ताणायचा स्क्रू झिजल्यासारखा वाटला, तो बदलला. आठ दिवसांनी पुन्हा आला, तेव्हा चाक बदललं. आज तिसरी खेप.

बुधा उलट्या डब्यावर बसला होता. पंचेचाळिशीचा, किडकिडीत, मानेवर भुसा. खांब गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला त्याची वाडी. विसाव्या वर्षापासून तो कुऱ्हाडीवर होता. तीन वर्षांमागच्या जूनमध्ये वादळाने तालुक्यातली निम्मी झाडं आडवी केली, तेव्हा वाडीतल्या सहा जणांनी मिळून हा कटर घेतला आणि कटर धरायचं बुधाकडे आलं. धरणारा एकच. बाकीचे फांद्या ओढतात, मोळ्या रचतात, ओंडके लोटतात. धरणारा जिकडे बोट दाखवील तिकडे झाड पडतं.

त्याची बायको ठमी दारातच उभी होती. आत ये म्हटलं तरी ती आत येत नव्हती.

“काल तं हद्दच केलान,” ती म्हणाली. “चेन उडाली ती मोळ्या रचणाऱ्या जनीच्या पायाशी. इतकी.” तिने वीत दाखवली. “जनी तिथंच बसली मटकन. म्हणते, मी उद्यापासनं मशीनच्या वाऱ्याला उभी रायची नाय.”

“पोपटला कळलं?”

“जनीच्या तोंडाला कुलूप हाय का?”

पोपट त्यांचा मुकादम. त्याने सकाळपासून मालूला दोनदा फोन केला होता. कोलाडच्या वाटेवर नऊ शिरीष पाडायचे होते, उद्या सकाळी सातला, रस्ता तीनच तास बंद मिळणार होता. कटर धड नसेल तर नागोठण्याकडचा नाथा त्याचा कटर घेऊन यायला तयार होता.

“नाथा एकदा आला की मंग उठायचा नाय,” बुधा म्हणाला. “त्याची सोताची माणसं हायत. आमी सहाच्या सहा घरी.”

तो हे हसत म्हणाला. मालूने बारच्या खाचेत मापाची पातळ पट्टी सरकवली.

बारच्या कडेला मधोमध खाच असते आणि चेनचे पोटाकडचे दाते त्या खाचेतून पळतात. खाच रुंद झाली की चेन डुलते, आणि डुलली की उतरते. दीड मिलिमीटरची पट्टी जेमतेम जात होती. खाच ठीक होती. चाक तिनेच बसवलेलं, आठ दिवसांचं. मग तिने कापणाऱ्या दातांची लांबी घेतली, छत्तीसच्या छत्तीस. एका बाजूचे दात आखूड झाले तर बार लाकडात तिरका उतरतो. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड दातात फरक निघाला दशांश दोन मिलिमीटरचा.

“कानस कोण मारतं?”

“मीच. का?”

“कंपनीत शिकलेली पोरं अशी मारत नाय.”

बुधाने ठमीकडे पाहिलं. ठमी रस्त्याकडे पाहत होती, पण ऐकत होती.

मालूने काच आणली. खिडकीची, तुटलेली, पण पृष्ठभाग अगदी सपाट. तिने ती बाकावर ठेवली आणि बार तिच्यावर कडेवर उभा केला. खाचेचे दोन्ही काठ सारखे असतील तर बार उभा राहतो. तिने हात काढला. बार क्षणभर थांबला आणि डावीकडे कलंडला. तिने पुन्हा उभा केला. पुन्हा डावीकडेच.

“डावा काठ झिजलाय,” ती म्हणाली. “दशांश चारनं तरी. हे बग, बुधादादा. चेनला बसायला सपाट जागाच नाय. एका कुशीवर पळते ती.”

“मंग सापडलं!” ठमी पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आली.

“सापडलं,” मालू म्हणाली. तिला हलकं वाटलं. तिने बार शिकंज्यात धरला, सपाट कानस घेतली आणि दोन्ही काठ एका पातळीत येईपर्यंत घासले. अर्धा तास गेला. मग त्या अकरा दात्यांवरची कुसळं काढली. काचेवर बार उभा केला, तेव्हा तो उभा राहिला. पुलावरून ट्रक गेला, काच थरथरली, तरी उभा राहिला.

दुकानामागे तिने शिरिषाचा एक ओंडका लाकडी घोडीवर कायमचा बांधून ठेवलेला असायचा, दुरुस्त झालेला कटर तपासायला. बुधाने जाड हातमोजे चढवले, डोळ्यांना चष्मा लावला, दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला कटर सुरू झाला. त्याने पहिली चकती पाडली, दुसरी, तिसरी. भुसा लांब, दाणेदार पडत होता. दात चांगले असल्याची ती खूण. मालू मागे, चार पावलांवर उभी होती. सहाव्या कापाला कट्टकन आवाज झाला, कटर ओरडला, आणि चेन बारवरून उतरून खाली लोंबायला लागली.

बुधाने कटर बंद केला.

मालूने खाली पडलेल्या पाच चकत्या उचलून पत्र्यावर ठेवल्या. एकही सपाट बसेना. तिने माप लावलं. एका अंगाला अठ्ठावन्न मिलिमीटर, दुसऱ्या अंगाला चव्वेचाळीस. दुसरी सत्तावन्न, पंचेचाळीस. पाचही एकाच बाजूला पातळ. तिने आकडे खडूने पत्र्यावर लिहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

“तिरका उतरतो,” ती म्हणाली. “दात सारखे, काठ सारखे, तरी तिरका उतरतो.”

“ती खोड हाय त्याची,” ठमी झटकन म्हणाली. “कुऱ्हाडीची.”

“कसली खोड?”

“दाखव की गो बाय, तुलाच ठाऊक,” बुधा म्हणाला.

ठमीने पडलेली एक फांदी उचलली आणि कुऱ्हाडीसारखी धरली. “घाव बसला ना, की हात असा फिरवायचा. थोडासाच. म्हंजे ढलपी उडते, आन पातं अडकत नाय. आमच्याकडं पोराला पयलं हेच शिकवतात. घाव कुणीबी घालील. काढता आला पायजे.” तिने मनगटाला एक बारीक हिसका दिला. त्या हिसक्यात इतकी सहजता होती, की मालूला फांदीच्या टोकाला पातं दिसल्यासारखं झालं. “आता त्यो मशीनलाबी तसंच करतो. पंचवीस वर्सांची सवय. जाईल का?”

मालूने ते मनात फिरवून पाहिलं. कापाच्या शेवटाला बार फिरवला तर तो खाचेत तिरपा होणार. चेनवर बाजूने जोर येणार. एक काठ झिजणार. चेन उतरणार. चकत्या पातळ-जाड होणार. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी बसत होती.

“खरंच की,” ती म्हणाली. “बुधादादा, कटरला घाव काढायचा नसतो रे. त्याचं त्यालाच बाहेर येऊ द्यायचं.”

“मी काय मुद्दाम करतो?” बुधा हसला. तो आता मोकळा झाला होता. “हाताला सांगून ठेवतो, बाबा रे, आता कुऱ्हाड नाय. घाल चेन परत.”

“माझा बाप तं म्हणायचा,” ठमी म्हणाली, “बुधाला जावई केला तो कुऱ्हाड बगून, तोंड बगून नाय.”

“तोंड बगितलं असतं तं तुला कुणी दिली असती?”

“अगो मालूताय, बगतेस ना? असा बोलतो.”

मालूही हसली. तिने चेन बसवली, ताण दिला, आणि या वेळी मागे न थांबता बाजूला, त्याच्या मनगटांच्या रेषेत उभी राहिली. बुधाने काप घेतला, सावकाश. कापाच्या शेवटाला त्याने मनगट फिरवलं नाही. मालूने डोळ्यात तेल घालून पाहिलं, नाहीच फिरवलं. त्याने आणखी दोन काप घेतले आणि कटर बंद करून तिच्याकडे पाहिलं, पोरगा परीक्षेचा कागद देऊन बघतो तसा.

“उतरली नाय!”

मालूने चकत्या उचलल्या. सत्तावन्न, पंचेचाळीस. छप्पन्न, चव्वेचाळीस. सत्तावन्न, चव्वेचाळीस.

तिने हे आकडे मोठ्याने वाचले नाहीत. पत्र्यावर लिहिले फक्त. खोड गेली होती आणि आकडे तिथेच होते.

खोड पंचवीस वर्षांची, असं ठमी म्हणाली होती. कटर तीन वर्षांचा. मालूच्या मनात काहीतरी अडकलं. ती दुकानात गेली. भंगाराच्या कोपऱ्यात तिने दोन जुनी टायरं बाजूला केली, एक गंजलेला पंप ओढून काढला आणि त्याच्यामागचा बार बाहेर घेतला. बुधाच्याच कटरचा, पहिला बार. तीन वर्षं चालला होता; दिवाळी होऊन गेल्यावर तिनेच तो काढून नवा बसवला होता. तिने तो चिंधीने पुसला, काच घेतली आणि तिच्यावर तो उभा केला.

दोन्ही काठ झिजून खाच उथळ झाली होती. पण बार उभा राहिला, खांबासारखा सरळ.

तिने दुसरी कड फिरवून उभी केली. तीही सरळ.

तीन वर्षं त्याच माणसाने, त्याच खोडीने, त्याच हातांनी कापलं होतं, आणि दोन्ही काठ सारखे झिजले होते. नव्या बारला बसून सहा आठवडे झाले होते.

मालूने बार खाली ठेवला. मग काच हातात घेऊनच ती मागच्या दाराशी आली. बुधा ओंडक्यावर बसून कटरच्या पुढच्या दांड्यावरची ट्यूबची पट्टी नीट गुंडाळत होता. उजव्या हाताने. डाव्या हाताचा मोजा त्याने काढला नव्हता, आणि तो हात मांडीवर पालथा पडला होता, कुणीतरी दुसऱ्याने ठेवून दिल्यासारखा.

“बुधादादा, ती पट्टी कशाला गुंडाळलीस?”

“हादरे बसतात.”

“हादरे झेलणारे रबर मी बगितले. चांगले हायत.”

त्याने पट्टीचं टोक आत खोचलं.

“दांडा जाड केला की कमी आवळावा लागतो,” मालू म्हणाली. मग तिने विचारलं, “दिवाळीनंतर काय झालं?”

“मालूताय,” ठमी मधेच म्हणाली, “तू मशीनचं बग.”

आवाज चढला नव्हता, पण बाहेरच्या नळाशी जाताना तिने मालूच्या हाताला कोपरावर धरलं आणि बरोबर नेलं. नळ सोडला. पाण्याच्या आवाजात ती खालच्या सुरात बोलली.

“सकाळचा चा पीत व्हता. पेला हातातनं गेला. मी म्हटलं, झोपेत हायस का? त्यो हाताकडं बगत बसला. दोन तास हात लाकडावानी. तोंड थोडं वाकडं झालं व्हतं. दुपारपर्यंत आला हात. आला म्हंजे, दिसायला आला.”

“दवाखान्यात?”

“कोन घेतो नाव. म्हणतो, तिथं बसवून ठेवतील. सहा घरं बसतील.” तिने पाणी ओंजळीत घेतलं, तोंडाला लावलं नाही, सोडून दिलं. “पट्टी मीच गुंडाळली. पयली बारीक व्हती. आता तिसरा येढा हाय. मला कळतं गो, पट्टी का वाढते ती. मी काय येडी नाय. पण तू मशीनचं काय तरी काढ. तुला येतं. एकादा तुकडा दाखव, सांग का यो मोडलाय. पोपट तुझं ऐकतो.”

“आणि उद्या?”

“उद्याचं उद्या.”

“उद्या रस्त्यावर नऊ झाडं हायत, ठमे. जनी खाली उभी असेल. तूसुद्धा.”

ठमीने नळ बंद केला.

तेवढ्यात समोर मोटारसायकल थांबली. पोपट आला तो हेल्मेट काखेत धरून, दुकानात कोणी नाही बघून सरळ मागे. पस्तिशीचा, अंगाने भरलेला, बोलताना सारखा घड्याळ बघणारा. वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या वरही कोणी होता आणि त्याच्याही वर कोणी.

“झालं का ताय? का आजून हवन चाललंय?” त्याने पत्र्यावरचे आकडे पाहिले. “हे काय? मटका लावलाय?”

“चकत्यांची मापं हायत.”

“मला माप नको. चेन उद्या उतरणार का नाय, एवढं सांग. काल जनीचा पाय वाचला. तो गेला असता तं मी कुठं तोंड लपवलं असतं? नाथाला मी नऊला फोन करीन म्हटलंय, आत्ता पाच झाले. दोष कुठं हाय?”

मालूने बुधाकडे पाहिलं नाही. यंत्राबद्दल तिने आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं. चांगल्या भागाला वाईट म्हणणं तिला जमलं असतं की नाही, हेही तिला माहीत नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. तिने हातातली काच दाराजवळच्या बाकड्यावर ठेवली, तिचा कोपरा बाकड्याच्या कोपऱ्याशी जुळवला.

“अजून एक तपासणी बाकी हाय,” ती म्हणाली. “ती झाल्याशिवाय मी सांगत नाय.”

“कसली?”

“आत्तापर्यंत एकाच माणसानं कापलंय. दुसऱ्या कुणीतरी कापायला पायजे. तोच कटर, तोच ओंडका.”

“तं काप की तू.”

“मी रोज कापते. माझं धरून चालणार नाय. उद्या झाडावर जाणाऱ्यांपैकी कुणीतरी.”

पोपटने इकडे तिकडे पाहिलं. बुधाने मान वर केली नाही. ठमीने पदर कमरेला खोचला, बुधापुढे जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

“मोजे दे.”

“तू?” पोपट हसला. “बाईमाणूस कटर धरतं का कुठं?”

“बाईमाणूस ओंडका डोक्यावर घेतं तवा नाय इचारत तू. तवा म्हणतोस, ठमे, आजून एक ठेवू का?”

“अगं, हे येगळं हाय. फाडील तुला.”

“तीन वर्सं ह्याच्या बाजूला उभी हाय मी. झाड पडायच्या आधी मला कळतं. ह्याला सांगते पण मीच, दोन बोटं मागं घे. इचार त्याला.”

बुधाने उजव्या हाताने डाव्या हाताचा मोजा धरून ओढला. बोटं मोज्यात अडकली. ती एकेक सोडवावी लागली. ठमीने मदत केली नाही. ती थांबून राहिली.

“बुधा,” पोपटचा आवाज आता खाली आला होता. “बिघडल्या मशीनवर बायकोला उभी करतोस? काल चेन उडाली ती आठव.”

मोजा निघाला. बुधाने तो मांडीवर ठेवून सपाट केला, दुसरा त्याच्यावर ठेवला, आणि दोन्ही ठमीच्या हातात दिले.

“मशीन बिघडलेलं नाय, पोपट,” तो म्हणाला. “मशीन चांगलं हाय. हात माझा जातो.”

त्याने डावा हात वर करून दाखवला, तळवा पोपटकडे करून. मूठ मिटायला लागला. अंगठा आणि दोन बोटं मिटली. बाकीची दोन तशीच राहिली. पोपटने घड्याळाकडे पाहिलं नाही. त्याने काखेतलं हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलं.

“कवापासनं?”

“दिवाळी झाल्यावर.”

“आन तू मला आज सांगतोस? मी तुला रस्त्यावर, एवढाल्या झाडाखाली—” तो थांबला. “उद्या सकाळी तू रोह्याला दवाखान्यात. मी सोडतो गाडीवरनं. पयला नंबर लाव.”

“उद्या झाडं हायत.”

“झाडं हायत ती हायत. तू जायचंस.”

“मी जाईन,” बुधा म्हणाला, “पण नाथा यायचा नाय.”

पोपटने ठमीकडे पाहिलं, मग ओंडक्याकडे, मग मालूकडे.

मालूने दांड्यावरची पट्टी सोडायला घेतली. एक वेढा, दोन, तीन. खालचा दांडा काळा, गुळगुळीत निघाला. तिने तो चिंधीने पुसला. बार पुन्हा शिकंज्यात घेऊन दोन्ही काठांवर कानस फिरवली, काचेवर उभा केला, मग चेन बसवून ताण दिला. हे करताना तिने घाई केली नाही. ठमीने मोजे चढवले. तिला ते बोटांच्या टोकाला ढिले होत होते. चष्मा डोळ्यांना लावला. दोरी ओढायला तिला पाच झटके लागले.

पहिला काप वाकडा गेला. तिने जोर लावला होता. बार निम्म्यावर अडकला, कटर गुरगुरला.

“दाबू नको गो!” बुधा ओरडला. तो ओंडक्यावरून उठला होता. “तुझं वजन नको घालू. त्याचं वजन त्याला पुरतं. अंगठा खालनं घाल, दांड्याच्या खालनं! हां. आता नुसतं उतरू दे. उतरू दे त्याला.”

“गप रे, कानात ओरडू नको.”

“नाक वर ठेव. नाक, नाक!”

“कुणाचं?”

पोपटला हसू फुटलं. ठमीने बारचं टोक वर उचलून दुसरा काप घेतला. तिसरा. बुधा तिच्या डाव्या खांद्यामागे उभा होता, हाताच्या अंतरावर, आणि प्रत्येक काप खाली उतरताना त्याची मान तेवढीच खाली जात होती. चौथ्या कापानंतर तो बोलायचा थांबला. पाचव्यानंतर तिने मान न वळवता विचारलं, “बरोबर हाय का?” आणि त्याने नुसतं “घे” म्हटलं. पोपट बोटांवर मोजत होता. सहावा काप, जिथे दुपारी चेन उतरली होती, तो ठमीने सगळ्यांत सावकाश घेतला. चकती पडली. तिने न थांबता सातवा घेतला. पुलावर कंपनीची बस थांबली, दिवसपाळीची माणसं उतरली, त्यांतले दोघे कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि बघत राहिले.

नऊ काप झाले तेव्हा ओंडका संपला. ठमीने कटर बंद करून खाली ठेवला आणि दोन्ही हात झटकले. चेन बारवर होती. मालूने वाकून ती दोन बोटांनी ओढून पाहिली. ताण होता तसा होता. मग तिने भुशातून शेवटची चकती उचलली, फुंकर मारली, आणि कडेच्या चार ठिकाणी माप लावून, पत्र्यावर मोकळ्या राहिलेल्या जागेत लिहिलं.

त्रेपन्न. बावन्न. त्रेपन्न. त्रेपन्न.